पाट्या रंगवणारा निको : मालगाडीवरची नोकरी, दुकानांतली चित्रं आणि खूण नसलेली कबर

पेडण्याचा बोगदा बंद पडला की आपल्याला रेल्वे आठवते. ऑगस्ट २०२० मध्ये बोगद्याच्या भिंतीचा भाग कोसळला. जुलै २०२४ मध्ये आत पाणी आणि चिखल शिरला. दोन्ही वेळा सावंतवाडीपासून कारवारपर्यंत लोकांचे बेत कोलमडले. एरवी गाडी बोगद्यात शिरली की मोबाइलची रेंज गेली म्हणून आपण वैतागतो, तेवढंच. गाडीवर, रुळांवर, बोगद्यात राबणाऱ्या माणसाचं कुणी चित्र काढलेलं पटकन आठवत नाही. आणि त्या माणसानं स्वतःच चित्रं काढली असतील, हे तर मनातही येत नाही.

आज ज्याची गोष्ट सांगायची आहे, तो असाच रेल्वेतला माणूस. मालगाडीवर ब्रेक सांभाळायचा. त्याआधी दुकानांच्या पाट्या रंगवायचा, नंतर त्यानं दूध विकलं, आणि शेवटी पुन्हा पाट्याच रंगवल्या. चित्रकलेच्या शाळेचं तोंड पाहिलं नाही. जेवणाच्या मोबदल्यात चित्रं काढली आणि एका तळघरात आजारी पडून संपला. आज त्याच्या देशात तो सर्वांत मोठा चित्रकार मानला जातो, १९९५ साली निघालेल्या एक लारीच्या नोटेवर त्याचा चेहरा आहे. नाव निको पिरोस्मानी. देश जॉर्जिया.

गोवा आणि जॉर्जियाचं नातं

जॉर्जिया म्हणजे काळा समुद्र आणि कॉकेशस डोंगर यांच्यामधला छोटा देश. आपल्याला लांबचा वाटतो, पण गोव्याला तो अगदीच परका नाही. त्या देशाच्या पूर्वेला काखेती नावाचा द्राक्षांचा प्रदेश आहे. तिथली राणी केतेवान हिला इराणच्या शाह अब्बासनं १६२४ साली शिराझमध्ये हाल करून मारलं. धर्म बदलायला तिनं नकार दिला होता. ऑगस्टिनियन पंथाच्या पाद्र्यांनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्यात आणला आणि जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या मठात ठेवला. पुढं मठ ओस पडला, बांधकाम ढासळलं. जुन्या गोव्यात गेल्यावर लाल दगडाचा जो एकटा उंच मनोरा दिसतो, तो त्याच मठाच्या चर्चचा. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात त्या अस्थी सापडल्या, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासणी झाली आणि जुलै २०२१ मध्ये भारतानं त्या जॉर्जियाला भेट दिल्या. तेव्हा गोव्याच्या पेपरांत ही बातमी गाजली होती.

निको त्याच काखेतीचा. राणीच्या अस्थी चारशे वर्षांनी सापडल्या, तिच्या मुलखातल्या या चित्रकाराच्या मात्र आजवर सापडलेल्या नाहीत.

काखेतीतलं पोरकं पोर

निकोचं पूर्ण नाव निको पिरोस्मानाश्विली. जन्म १८६२ सालचा, मिर्झानी नावाच्या खेड्यात. जॉर्जिया त्या वेळी रशियाच्या झारच्या ताब्यात होता. वडील अस्लान, आई तेक्ले. थोडी जमीन, थोडा द्राक्षमळा, बाकी दुसऱ्याच्या शेतावर राबणं. आईवडील निको लहान असतानाच गेले.

वडील ज्यांच्या मळ्यावर काम करायचे त्या कलंतारोव कुटुंबानं मुलाला तिफ्लिसला नेलं. तिफ्लिस म्हणजे आजची राजधानी त्बिलिसी. त्या घरात निको वाढला. घरातली कामं करायची, घरातल्या मुलांबरोबर बसायचं, असं त्याचं आयुष्य. पुरता नोकर नाही आणि पुरता घरचाही नाही. आपल्याकडंही मुंबईला, पुण्याला नातेवाइकांच्या किंवा मालकाच्या घरी राहून वाढलेली मुलं असायची. त्या मुलांना आपली जागा कुठली हे फार लवकर कळतं. निकोलाही कळलं असावं. त्या घरात तो जॉर्जियन आणि रशियन वाचायला-लिहायला शिकला. चित्रं काढायचा नाद तिथंच लागला. शिकवणारं कुणी नव्हतं.

तिफ्लिस हे नाना जातींच्या माणसांचं शहर होतं. जॉर्जियन, आर्मेनियन, रशियन, अझरबैजानी, इराणी. रस्त्यावर उंट, गाढवं, हमाल, पाणीवाले, मासेवाले, आणि दुकानांवर रंगवलेल्या पाट्या. अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकाला पाटीवरचं चित्र बघूनच आत काय मिळतं ते कळायचं. निकोची चित्रशाळा म्हणायची तर ती हीच.

पहिला धंदा

मोठा झाल्यावर निकोनं गिगो झाझियाश्विली नावाच्या आणखी एका स्वयंशिक्षित रंगाऱ्याबरोबर पाट्या रंगवायचं दुकान काढलं. दोघांनाही हात होता, भांडवल नव्हतं. गिऱ्हाईक यावं म्हणून पहिलं काम फुकट करून दिलं, असं सांगतात. तरीही धंदा चालला नाही.

मी वाणिज्य शाखेचा. महाविद्यालयात पहिल्यांदा शिकवतात ते जमा आणि नावे. निकोचं सगळं आयुष्य वहीत मांडायला घेतलं तर जमेच्या बाजूला सुरुवातीपासून शेवटपर्यंत फारसं काही लिहिता येत नाही. देणं मात्र कुणाकडं किती राहिलं, ते मोजता येणार नाही.

मालगाडीवर

१८९० साली निको ट्रान्सकॉकेशियन रेल्वेत लागला. ही रेल्वे त्या काळातली मोठी गोष्ट होती. काळ्या समुद्रावरच्या पोती बंदरापासून तिफ्लिसपर्यंत गाडी १८७२ साली सुरू झाली. १८८३ मध्ये रूळ कॅस्पियन समुद्राकाठच्या बाकूला पोचले आणि बाकूचं तेल गाड्यांतून काळ्या समुद्रावर यायला लागलं. वाटेत सुरामीचा घाट लागतो. त्या घाटातला जवळजवळ चार किलोमीटरचा बोगदा १८९० सालीच खुला झाला, म्हणजे निको नोकरीला लागला त्याच वर्षी.

आपल्याकडं काय चाललं होतं? पोर्तुगीज राजवटीत मुरगाव बंदरापासून कासल रॉकपर्यंतची रेल्वे १८८८ साली पुरी झाली होती. घाट, बोगदे, बंदराकडं जाणारा माल, सगळं तसंच. फरक एवढाच की ती गाडी दक्षिण गोव्यातून गेली. पेडणे आणि डिचोलीच्या वाट्याला तेव्हा काही आलं नाही. पेडण्याच्या माणसाला आपल्या तालुक्यात गाडी बघायला आणखी शंभराहून जास्त वर्षं थांबावं लागलं. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला. डिचोलीवाल्याला आजही गाडी पकडायची तर थिवीला जावं लागतं.

निको ब्रेकचं काम बघणारा कंडक्टर होता. आज ड्रायव्हरनं ब्रेक लावला की हवेच्या दाबानं सगळ्या डब्यांना एकदम लागतो. तेव्हाच्या मालगाड्यांत तसं नव्हतं. ठरावीक डब्यांवर हातानं फिरवायचा ब्रेक असायचा. डब्याच्या टोकाला छोटीशी उघडी जागा, तिथं माणूस उभा. इंजिनची शिट्टी ऐकली की चाक फिरवून ब्रेक आवळायचा, दुसरी शिट्टी झाली की सोडायचा. घाट उतरताना सगळ्यांचे हात एकाच वेळी चालायला हवेत. पाऊस असो, बर्फ असो, रात्र असो, बसायला जागा नाही. इंजिनचा धूर तोंडावर.

ही नोकरी त्यानं जवळपास चार वर्षं केली. प्रकृती साथ देईना, तेव्हा १८९३ च्या अखेरीला सोडली. पगार थांबला, पण तिथं पाहिलेलं त्याच्याबरोबर राहिलं. पुढं वीस वर्षांनी, १९१३ च्या सुमाराला त्यानं काखेतीच्या आगगाडीचं चित्र काढलं. रात्रीची वेळ. काळ्या पार्श्वभूमीवर गाडी उभी, आणि वाइनचा माल. काखेतीची वाइन गाडीनं शहरात यायची आणि तिफ्लिसच्या गुत्त्यांत खपायची. म्हणजे त्याचा गाव, त्याची जुनी नोकरी आणि त्याचं गिऱ्हाईक, तिन्ही एका चित्रात आली. चित्रात दिमाख नाही. ज्यानं रात्री-अपरात्री डब्यावर उभं राहून काढल्यात, त्याला गाडी जशी दिसते तशी ती दिसते.

दुधाचं दुकान

रेल्वे सोडल्यावर निकोनं तिफ्लिसमध्ये दूध, लोणी, चीज विकायचं दुकान टाकलं. पुढं दिमित्री अलुगिश्विली हा भागीदार आला. दुकानाच्या पाटीवर निकोनं स्वतःच गाई रंगवल्या. सुरुवातीला धंदा बरा चालला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हातात चार पैसे खेळले. गावी बहिणीसाठी घर बांधायला त्यानं मदत केली.

पण दुकानदारी त्याचा पिंड नव्हता. दुकानात गिऱ्हाईक आणि हा चित्रात, असं व्हायचं. भागीदारी म्हटली की वाद होतातच, तेही झाले. १९०१ च्या आसपास निको दुकानातून बाहेर पडला.

याच काळाला जोडून मार्गारिता नावाच्या फ्रेंच नटीची गोष्ट सांगतात. तिच्यासाठी निकोनं सगळं विकून शहरातली फुलं विकत घेतली आणि तिच्या दारात ओतली, अशी आख्यायिका आहे. १९८० च्या दशकात त्यावर निघालेलं रशियन गाणं अल्ला पुगाचोवानं गायलं आणि ते सोव्हिएत देशात घराघरांत पोचलं. गोष्ट रंगवून सांगायला बरी आहे. खात्रीनं सांगता येतं ते एवढंच की मार्गारिताचं चित्र निकोनं काढलंय. पांढऱ्या पोशाखात, हातात फुलं घेतलेली ती बाई आजही त्बिलिसीच्या संग्रहालयात आहे. फुलांच्या गाड्यांपेक्षा जास्त टिकली ती हीच वस्तू.

'दुकान' म्हणजे काय?

इथून पुढचं त्याचं सगळं आयुष्य तिफ्लिसच्या रेल्वे स्टेशनाच्या आजूबाजूला गेलं. स्टेशनाजवळ तळघरांमध्ये खाण्यापिण्याचे गुत्ते असायचे. त्यांना जॉर्जियन भाषेत जो शब्द आहे तो ऐकून आपल्या वाचकांना मजा वाटेल. तो शब्द आहे 'दुकानी'. अरबी-फारसीतून आपल्याकडं आलेलं 'दुकान' तेच. आपल्याकडं दुकानात मीठ-मिरची मिळते, त्यांच्याकडं दुकानात वाइन, भाकर आणि मटण. आपल्या भागातली जुनी तावेर्न डोळ्यांसमोर आणली तर फार चूक होणार नाही. कामावरून सुटलेला माणूस घटकाभर बसतो, पेला घेतो, चार शब्द बोलतो आणि घरी जातो.

निको एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जायचा. हातात रंगांची छोटी पेटी. मालक म्हणेल ते रंगवायचं. बाहेरची पाटी, भिंतीवरचं चित्र, काचेवरची अक्षरं, दिव्यावरचा नंबर. मोबदला म्हणून जेवण, वाइन, कधी झोपायला कोपरा, कधी रंगाचे पैसे. राहायला एका घराच्या जिन्याखालची खोली.

कॅनव्हास घ्यायला पैसे नव्हते. तो काळ्या मेणकापडावर तैलरंगानं रंगवायचा. टेबलावर घालतात तसलं कापड. यात त्यानं एक युक्ती काढली. जिथं काळं हवं तिथं रंगच लावायचा नाही, कापड तसंच मोकळं सोडायचं. केस, डोळे, मिशा, रात्र, बैलाची पाठ, हे सगळं कापडाचंच काळं. त्यामुळं माणसं अंधारातून पुढं येऊन उभी राहिल्यासारखी दिसतात. रंगही वाचला आणि चित्रही झालं. गरिबीतून निघालेली ही रीत पुढं मोठमोठ्या चित्रकारांनी निरखून पाहिली.

त्यानं काढलं काय? लाल सदरा घालून पाण्यात उभा असलेला मासेमार. बिल्ला लावलेला रखवालदार. गाय दोहणारी बाई. उंटवाला. गाढवावरून रोग्याकडं निघालेला डॉक्टर. द्राक्षांची तोडणी आणि त्यानंतरची मेजवानी. एका चित्रात एका बाजूला मूल नसलेलं श्रीमंत जोडपं आहे आणि दुसऱ्या बाजूला पोरांचं लेंढार घेतलेली गरीब बाई. कोण सुखी, कोण दुःखी, ते बघणाऱ्यानं ठरवायचं. प्राणीही खूप काढले. हरणं, अस्वलं, बैल, आणि एक जिराफ. त्या प्राण्यांचे डोळे माणसांसारखे, काहीतरी विचारल्यासारखे.

त्याच्या चित्रांतली माणसं सरळ तुमच्याकडं बघतात. फोटो काढताना जुनी माणसं ताठ उभी राहायची, तशी. रखवालदार असो की राजपुत्र, निकोनं दोघांना सारख्याच मानानं उभं केलंय. गुत्त्यात येऊन बसणाऱ्या हमालाला भिंतीवर आपल्यासारखाच माणूस दिसायचा. त्याच्यासाठीच ती चित्रं होती. श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी नव्हती.

नाव विचारणारे तिघं

१९१२ च्या उन्हाळ्यात तीन तरुण स्टेशनाजवळच्या 'वार्याग' नावाच्या गुत्त्यात शिरले. इल्या आणि किरील झ्दानेविच हे तिफ्लिसचे भाऊ आणि त्यांचा चित्रकार मित्र मिखाईल ले दान्त्यू. तिघंही विशी-बाविशीच्या आसपासचे. भिंतींवरची चित्रं पाहून ते थबकले. तोवर त्या भिंतींसमोर हजारो लोक जेवून गेले होते. या तिघांनी मात्र मालकाला विचारलं, ही कुणाची?

मग शोध सुरू झाला. या गुत्त्यात विचार, त्या गुत्त्यात विचार. निकोला सगळे ओळखायचे, पण तो नेमका कुठं सापडेल ते कुणालाच सांगता येईना. शेवटी एका रस्त्यावर तो भेटला. भिंतीसमोर उभा राहून ब्रशनं अक्षरं काढत होता. पाटी होती दुधाच्या दुकानाची. स्वतःचं दुधाचं दुकान सोडून दहाएक वर्षं झाली होती आणि आता तो दुसऱ्याच्या दुकानावर तोच शब्द रंगवत होता.

भावांनी मिळतील ती चित्रं विकत घ्यायला सुरुवात केली. इल्यानं स्वतःचं चित्र त्याच्याकडून काढून घेतलं. फेब्रुवारी १९१३ मध्ये तिफ्लिसच्या एका वर्तमानपत्रात त्यानं निकोवर लेख लिहिला. या माणसावरचं ते पहिलं मोठं लिखाण. मार्च १९१३ मध्ये मॉस्कोत 'मिशेन' म्हणजे 'लक्ष्य' नावाचं नव्या चित्रकारांचं प्रदर्शन भरलं. लारिओनोव, गोंचारोवा, मालेविच, शागाल अशी पुढं जगभर गाजलेली नावं त्यात होती. त्यांच्या रांगेत निकोचीही चित्रं लागली. निको त्या वेळी तिफ्लिसमध्येच, कुठल्यातरी गुत्त्याची पाटी रंगवत असणार.

सन्मान आणि चेष्टा

१९१४ साली महायुद्ध सुरू झालं आणि झारच्या सरकारनं दारूबंदी केली. बंदीचा फटका कुणाकुणाला बसतो याचा हिशोब सरकार सहसा मांडत नाही. गुत्ते बंद पडले, तसं निकोचं जेवण बंद पडलं. त्याचा सगळा व्यवहार गुत्तेवाल्यांच्या जिवावर चाललेला. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, शिल्लक तर नव्हतीच.

१९१६ मध्ये जॉर्जियन चित्रकारांची संस्था स्थापन झाली. दिमित्री शेवार्दनाद्झे यांनी पुढाकार घेतला होता. संस्थेनं निकोला शोधून सभेला बोलावलं. तो आला, गप्प बसून राहिला, दहा रूबलची मदत घेतली, फोटो काढून घेतला. त्या सभेत त्यानं एक सूचना केली, ती आजही जॉर्जियात सांगतात. शहराच्या मधोमध एक मोठं लाकडी घर बांधावं, एक मोठं टेबल आणि एक मोठा समोवार घ्यावा, आणि सगळ्यांनी बसून चहा पीत चित्रांबद्दल बोलावं. जन्मभर ज्याला स्वतःची बैठक नव्हती त्याचं मागणं एवढंच होतं.

थोड्याच दिवसांत एका वर्तमानपत्रात त्याचं व्यंगचित्र छापून आलं. तोकड्या सदऱ्यातला उघड्या पायांचा निको, आणि याला अजून शिकायला हवं, दहा-वीस वर्षांनी कदाचित प्रदर्शनात घेता येईल, अशा अर्थाची चेष्टा. निको तेव्हा चोपन्न वर्षांचा होता. ते त्याच्या मनाला फार लागलं. ज्या छापील कागदानं त्याचं नाव वर आणलं, त्याच जातीच्या कागदानं त्याला खाली ढकललं. बातमीदारी करणाऱ्या आमच्यासारख्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आपण एक ओळ गमतीनं लिहितो आणि विसरतो. समोरचा ती घडी करून खिशात ठेवतो.

त्यानंतर तो लोकांना टाळायला लागला. लादो गुदियाश्विली हा तरुण चित्रकार, जो पुढं स्वतः फार नावाजला, संस्थेची मदत घेऊन त्याला शोधत गेला होता. नंतर मात्र निको सापडेनासाच झाला.

तळघर

१९१८ चा एप्रिल. ईस्टरचे दिवस. शेजारी राहणारा एक मोची तळघरात डोकावला तर कोपऱ्यात निको पडलेला. उपासमार आणि आजारपण यांनी खंगलेला. घोडागाडीतून त्याला इस्पितळात नेलं. तिथं एक-दोन दिवसांत तो गेला. वय पंचावन्नच्या पुढं. गरिबांच्या रांगेत कुठंतरी पुरलं. कबरीवर खूण ठेवली नाही, त्यामुळं ती नेमकी कुठं आहे हे आज कुणालाच सांगता येत नाही. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २६ मे १९१८ रोजी, जॉर्जियानं स्वातंत्र्य जाहीर केलं.

मग सगळं सावकाश जमा होत गेलं. झ्दानेविच बंधूंनी वेचलेली चित्रं सरकारी संग्रहालयात आली. १९६९ मध्ये पॅरिसला लूव्रच्या वास्तूत त्याचं मोठं प्रदर्शन झालं. त्याच सुमाराला गिओर्गी शेंगेलाया यांनी त्याच्यावर सिनेमा केला. पिकासोनं १९७२ मध्ये त्याचं रेखाटन केलं. मिर्झानी गावात संग्रहालय उभं राहिलं. आज त्याची दोनशेच्या वर चित्रं जपून ठेवलेली आहेत. काढली होती त्याच्या कितीतरी पट. मेणकापडावरची उचलून नेता आली म्हणून वाचली. भिंतींवरची बहुतेक गुत्ते पाडले तेव्हा मातीत गेली.

आपल्या भिंतींचं काय?

ही गोष्ट पेडणे-डिचोलीच्या वाचकाला सांगायचं कारण शेवटी येतं.

आपल्याकडं कावी कला होती. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा, आणि तो ओला असतानाच टोकदार हत्यारानं खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा. वेलबुट्टी, हत्ती, पालख्या, देवांच्या कथा. गोवा, सिंधुदुर्ग, कारवार या पट्ट्यातल्या जुन्या देवळांच्या भिंती अशा नटलेल्या असायच्या. काढणारे गावातलेच कारागीर. दिवसा शेत, मोकळ्या हंगामात भिंत. मग जीर्णोद्धार आले. कुठं टाइल्स बसल्या, कुठं ऑइल पेंट चढला. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतही जुन्या भिंती अशाच गेल्या. राहिल्यात त्यांवर कारागिराचं नाव बहुधा नसतं.

फार मागं जायचीही गरज नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत बाजारातली प्रत्येक पाटी हातानं रंगवलेली असायची. जत्रेच्या नाटकाचे पडदे, शाळेच्या भिंतीवरचा नकाशा, डिचोलीच्या खाणींवर फिरणाऱ्या ट्रकांच्या मागचे मोर आणि देवांची नावं. हे करणारे हात आपल्या ओळखीचे होते. फ्लेक्स आला आणि ते हात थांबले. कुणी रिक्षा घेतली, कुणी दुकान टाकलं, कुणी म्हातारा होऊन घरी बसला. आपण त्यांना रंगारी म्हणत राहिलो. मीही त्यातलाच. बातमीत दुकानाचं नाव लिहिलं, पाटी रंगवणाऱ्याचं कधी लिहिलं नाही.

त्यातला प्रत्येक जण पिरोस्मानी होता असं म्हणायचं नाही. पण तिफ्लिसच्या गुत्त्यातही निको पिरोस्मानी आहे हे कुणाला माहीत नव्हतं. तिघांनी विचारलं म्हणून कळलं. आणि त्यांनी विचारलं तेव्हासुद्धा त्याच्या पोटाची सोय कुणी केली नाही, हेही तितकंच खरं. नाव विचारणं ही अर्धी गोष्ट झाली, दाम देणं ही उरलेली अर्धी.

तुमच्या गावात देवळाचं काम निघालं असेल तर टाइल्स चढण्याआधी त्या भिंतीचे फोटो काढून ठेवा. एखाद्या बंद तावेर्नवर जुनी हातानं रंगवलेली पाटी अजून लटकत असेल तर मालकाला विचारा, ही कुणी रंगवली. उत्तर बहुधा जवळच्याच वाड्यावर राहत असेल. आणि तो माणूस भेटला तर फोटो काढून परत येऊ नका. एखादी पाटी रंगवायला द्या, आणि मजुरी रोख द्या.